हिरव्या ट्यूबचं पाणी

पोचमचं नाव कुणी काढलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग मान खाली जाते. इतक्या वर्षांत हा क्रम बदललेला नाही. जुने लोक भेटले की विचारतात, तुमच्या टॉकीजवरचा तो सिरोंच्याकडचा ऑपरेटर कुठे असतो आता? मी सांगतो, सासरवाडीला गेला, तळ्यावर मासे धरतो. तेवढंच सांगतो. पुढे बोलायला लागलो की मार्कंड्याच्या जत्रेतला तो दिवस आठवतो. जिंकत आणलेला सौदा माझ्याच माणसानं माझ्या हातातून कसा काढून घेतला, ते आठवतं. आणि मग रागवायचं कुणावर, तेच कळेनासं होतं.

माजरीला माझा पत्र्याच्या शेडमधला व्हिडिओ हॉल होता. खाणीची पाळी सुटली की माणसं तोंडावरचा कोळसा न धुताच येऊन बसायची. दोन हजार सालच्या आसपास घरोघरी केबल आली आणि शेड रिकामी पडायला लागली. घरच्या टीव्हीपेक्षा मोठं काहीतरी दाखवल्याशिवाय धंदा टिकणार नव्हता. नागपूरचं एक हॉटेल बंद पडलं होतं. त्याच्या हॉलमधला प्रोजेक्टर विकायला निघाला होता. मी सकाळी तिथं जाऊन बसलो तो दिवेलागणीला उठलो. बायको आजारी आहे, लेकरं उपाशी आहेत, मशीनला गंज चढलाय, माझा टेम्पोवाला निघून चाललाय, असं एकामागून एक सांगत मी मालकाला इतका थकवला, की शेवटी तो म्हणाला, घेऊन जा आणि मला झोपू द्या.

घरी आणून लावला आणि कळलं की तो एवढ्या लवकर का थकला होता. पडद्यावर सगळीकडे ताकासारखं धुकं.

त्या जातीचे प्रोजेक्टर आता कुणी पाहिलेले नसतील. लोखंडी पेटीएवढं धूड, आणि त्याला समोरून तीन डोळे. आत तीन ट्यूब असायच्या. एक लाल चित्र टाकायची, एक हिरवं, एक निळं. तिन्ही चित्रं पडद्यावर एकावर एक बसली की खरे रंग दिसायचे. या ट्यूबचं तोंड एवढं तापायचं की नुसत्या पंख्यानं भागत नसे. म्हणून ट्यूबची काच आणि पुढचं भिंग यांच्या मधे एक बंद कप्पा असायचा आणि त्यात पाण्यासारखं औषध भरलेलं असायचं. ट्यूबचा ताप ते औषध ओढून घ्यायचं. पण चित्र बाहेर पडायचं तेही त्यातूनच. म्हणजे ते गार ठेवणारं हवं आणि काचेसारखं स्वच्छही हवं. माझ्या मशीनच्या हिरव्या ट्यूबच्या कप्प्यात बुरशी धरली होती आणि खालून गळतीही होती.

मी मशीनला आणि नागपूरच्या त्या मालकाला शिव्या देत उभा होतो, तेव्हा दारातून एक माणूस आत आला. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खिशाला पेन आणि पेनाशेजारी कंगवा. सिरोंच्याच्या टॉकीजवर ऑपरेटर होतो म्हणाला. चुलतभाऊ इथे खाणीत आहे, काम असलं तर सांगा. आणि मी काही बोलायच्या आत त्यानं उलटा हात मशीनच्या पाठीवर ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"हिले ताप हाये, सेठ."

"आत्ताच लावलीय मी ती."

"मंग जुना ताप हाये," तो म्हणाला. "नीळ्ळू बदला लागते."

नीळ्ळू म्हणजे तेलुगूत पाणी. पोचम एरवी आमच्या भागातली मराठीच बोलायचा. काळजीत असला की पाण्याचं नीळ्ळू व्हायचं.

मी त्याला पगार विचारला. तो म्हणाला, जे द्याल ते. मी चिडलो. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही त्या माणसावर मला विश्वास ठेवता येत नाही. मी मुद्दाम फार कमी आकडा सांगितला. तो बरं म्हणाला. मग मलाच तो वाढवावा लागला आणि त्याचाही मला राग आला.

पोचमला मशीनमधलं फार कळत होतं असं कुणी समजू नये. त्याचा हात चांगला होता, पण डोक्यात भलतंच काहीबाही भरलेलं होतं. हिरवी ट्यूब सगळ्यांत जास्त का तापते, तर पिक्चरमध्ये झाडं फार असतात म्हणून. रडका पिक्चर मशीनला गार पडतो आणि मारामारीचा गरम, म्हणून मारामारीच्या दिवशी तो पाठीवर ओलं फडकं घालायचा. खेळ चालू असताना कधी बसायचा नाही. "ती उभी हाये न," म्हणायचा. तिन्ही ट्यूबना तो लाली, हिरवी आणि निळी म्हणायचा. तिघी एकाच घरात दिल्या आहेत आणि हिरवीवर कामाचा बोजा जास्त पडतो, अशी त्याची खात्री होती. खेळ संपला की आधी मशीन गार होऊ द्यायचा आणि मगच जेवायचा.

ताप एकापासून दुसऱ्याला लागतो, तसा माणसापासून मशीनलाही लागतो, हे त्याच्या डोक्यातलं सगळ्यांत मोठं खूळ. मशीनच्या जवळच्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला तो हात लावून बघायचा. लोक हसायचे, काही चिडायचे. एकदा त्यानं एका मजुराला अर्ध्या पिक्चरमधून उठवलं. तो भांडायला लागला, तिकीट काढलंय म्हणाला. पोचमनं त्याचं मनगट सोडलं नाही. "तुले नाई काढून राह्यलो बाप्पा, तुह्या तापाले काढून राह्यलो," म्हणत त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. मलेरिया निघाला, डोक्यात चढायच्या बेतात आलेला. महिनाभरानं तो माणूस कोंबडी घेऊन आला. पोचमनं ती घेतली आणि म्हणाला, "आता बस कुठी बसाचं त." त्याला एवढंच समाधान की मशीन वाचली.

आणि माईक. खेळाच्या आधी माईकवर बोलायचं काम त्यानं स्वतःकडे ओढून घेतलं होतं. माईक हातात आला की त्याचं तोंड बदलायचं. रेडिओवरच्यासारखं शुद्ध बोलायचा. "रसिक मायबाप, कृपया आपापल्या आसनावर स्थानापन्न व्हावे." आसन म्हणजे ताडपत्री. माईक खाली ठेवला की लगेच, "ए, सरक न तिकडं."

पाण्याचं कोडं मात्र बरेच दिवस सुटलं नाही. मशीनचं असली औषध मागवायचं तर मुंबईहून, आणि त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवला. माझ्या ओळखीचा एक जण खाणीच्या वर्कशॉपात होता. डंपरच्या रेडिएटरमध्ये घालतात ते औषध त्यानं डबाभर दिलं. मी म्हणालो, थंड करायचं औषध ते हेच, डंपर काय आणि प्रोजेक्टर काय. पोचम नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. त्या औषधाला रंग होता. संध्याकाळी हिरो, हिरॉईन, व्हिलन, सगळे शेवाळलेल्या तळ्याच्या तळाशी उभे असल्यासारखे दिसले. खाणीतल्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. मी पोचमवर ओरडलो. तो म्हणाला, "मले काऊन ओरडता सेठ? हिरवीले डंपरचं खाऊ घातलं तुमी."

मग बॅटरीच्या दुकानातलं पाणी आणलं. त्यात मेडिकलमधलं ग्लिसरीन मिसळून भरलं. चार दिवस बरं गेलं आणि मग कप्प्यात पांढरे कण तरंगायला लागले. भर उन्हाळ्याच्या सीनमध्ये बर्फ पडायला लागला. दुकानदार नळाचं पाणी बाटल्यांत भरून विकत होता हे मला लगेच कळलं, कारण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

आणि मग एक दिवस पोचम सासरवाडीहून प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला. त्यातलं पाणी इतकं स्वच्छ होतं की डबा रिकामाच वाटावा. ग्लिसरीन घालून कप्प्यात भरलं. पडद्यावर पाना-पानाचा हिरवा वेगळा दिसला. वास मात्र यायचा, हलका, मोहाच्या फुलांचा. मी विचारलं, कुठून आणलं रे? "हाये एक जागा," तो म्हणाला. फुकट मिळत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. फुकटाच्या वस्तूची चौकशी करायची मला सवय नव्हती.

ती जागा कोणती, हे मला फार उशिरा समजलं. पण इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पोचमची सासरवाडी मार्कंड्याजवळ, गडचिरोली जिल्ह्यात. ढिवरांचं गाव, तळ्यावर आणि वैनगंगेवर मासेमारी करून जगणारं. त्याची सासू गिरजाबाई एके काळी मोहाची दारू काढायची. जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि गावच्या बायांचा गट उभा राहिला, तेव्हा तिनं चावडीपुढे स्वतःच्या हातानं मडकं फोडलं. त्याबद्दल गटानं तिला अंगणवाडीत खिचडी शिजवायचं काम मिळवून दिलं. पुन्हा कुणाच्या घरी भट्टीचं मडकं सापडलं तर ते काम आणि गटातलं नाव दोन्ही जाणार, हे ठरलेलं होतं. गिरजाबाईनं एक मडकं मात्र फोडलं नव्हतं. ते मागे गोठ्यात पुरून ठेवलं होतं. पोचमनं पाण्याची रड तिच्यापुढे घातली, तेव्हा तिनं ते उकरून काढलं आणि त्यात नुसतं पाणी उकळून, वाफ धरून, थेंब थेंब जमवून दिलं. दारू नाही, फक्त पाणी. पण मडकं वर्षानुवर्षं मोहाचं पिऊन बसलेलं. त्याचा वास कसा जाणार?

आणि पोचमचं असं की तो स्वतः एके काळी फार पिणारा. सिरोंच्याची नोकरी त्यापायीच गेली. पिऊन मशीनजवळ झोपला आणि रीळ जळालं. नंतर लग्न झालं, बायको सुमन भेटली. तिनं सोडवली आणि त्यानं सोडली. तेव्हापासून तोंडात कायम लवंग. सुमन गावच्या गटात होती. गटानं पोचमला सभेत बोलावून शाल-नारळ दिला. गावोगावच्या सभांत त्याला माईकवर उभं करायचे, हा पाहा, सुटू शकते. त्या शालीचं त्यानं काय करावं? मशीनवर घालायला सुरुवात केली. खेळ नसला की प्रोजेक्टरवर ती निळी शाल. मी म्हणालो, अरे, सत्काराची शाल आहे. तो म्हणाला, "मंग कोनाचा सत्कार करू? हिच्यापायीच सुटली माही." आधी त्यानं याचं श्रेय सुमनला दिलं होतं. मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, दोघींच्या पायी.

माजरीत धंदा बसला म्हणून मी मशीन घेऊन जत्रा करायला लागलो. त्या वर्षी महाशिवरात्रीला मार्कंड्याला तंबू लावला. खाली नदीचं वाळवंट, वर देवळं, मधे दुकानांच्या रांगा. जत्रेत दारू येऊ नये म्हणून आसपासच्या गावांतल्या बायांचा पहारा होता. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिकडे दुकानं उघडी. वाळूतून चालत जाऊन कुणीही आणू शकत होतं. वाटेवर बाया उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या गड्याला तोंड उघडायला लावून वास घ्यायच्या.

या बायांची पुढारी ताराबाई. उंच, काटक, बोलणं तोडून टाकणारं. तंबूच्या जागेसाठी मी तिच्याशीच बोललो होतो. जागा, लाईटची वायर, तंबूच्या लाकडी बल्ल्या, प्रत्येक गोष्टीला मी घासाघीस केली आणि प्रत्येक वेळी लेकराची शपथ घेतली. माझ्या तोंडची ती सवयच आहे. दुसरे लोक बोलताना हात हलवतात, तसा मी शपथा घेतो.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी बाया तंबू तपासत आमच्याकडे आल्या. हिरवीचा कप्पा त्या दिवशी पुन्हा गळत होता, म्हणून पोचमनं डबा बाहेर काढून ठेवला होता. ताराबाईनं तो उचलला.

"हे काय हाये, भाऊ?"

"पाणी. मशीनचं पाणी."

तिनं झाकण उघडून नाक लावलं. मग डबा शेजारणीकडे दिला. तिनं पुढचीकडे.

"मशीन मोहाचं पिते का?" ताराबाई म्हणाली. बाया हसल्या. बाहेर माणसं जमायला लागली.

मी म्हणालो, "बाई, लेकराची शपथ घेऊन सांगतो, हे पाणीच आहे."

"तुमच्या लेकराईले जरा आराम द्या, भाऊ. काल जागेसाठी मेले, वायरसाठी मेले. बल्लीसाठी बी एकदा मेले."

या वेळी सगळेच हसले, बाहेरचेही. माझं डोकं भडकलं. आयुष्यात क्वचितच असं झालं असेल की मी पूर्ण खरं बोलत होतो, त्यात एक पैशाचीही भेसळ नव्हती, आणि कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. मी ओरडायला लागलो. मग एकदम मला सुचलं. सौदा अडला की मला असंच सुचतं.

"काडी आणा," मी म्हणालो. "दारू असेल तर पेटेल. पाणी असेल तर काडी विझेल. लावा काडी सगळ्यांसमोर."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलून राह्यला तो." मी जिंकलो होतो. समोरच्याचा आवाज खाली येतो ना, ते मला लांबून कळतं.

ताराबाई म्हणाली, "लावू काडी. पन नाई पेटली त मंग हे बी सांगा लागन, पाण्याले मोहाचा वास आला कुठून. कोनाच्या मडक्यातून निंगालं हे? जत्रेच्या आसपास कोनाकडं तरी मडकं हाये म्हनजे."

"ते मला काय विचारता?" मी म्हणालो. "हा माझा माणूस आणतो. सांग रे पोचम, कुठून आणलंस ते. सांग यांना."

सगळे पोचमकडे वळले. तो मशीनजवळ उभा होता, उलटा हात तिच्या पाठीवर. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काडी नोका लावू," तो म्हणाला. "पेटनार नाई ते. पाणी मिसळवलं म्या त्यात. माहं हाये. नदीपलीकडून आनलं. पिलो मी."

तंबूत कुणी हसलं नाही. मी म्हणालो, काय बोलतोस तू? खोटं बोलतोय हा, बाई, हा पीत नाही, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी त्याच्या दंडाला धरून हलवलं. पण आता माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. मी जेवढा ओरडत होतो तेवढं त्याचं म्हणणं खरं वाटत होतं. त्याचं खोटं लोकांनी हातोहात घेतलं आणि माझं खरं तिथंच वाळूत पडून राहिलं.

बायांमधून सुमन पुढे आली. तीही पहाऱ्यावर होती. नवऱ्यापुढे उभी राहिली.

"तोंड उघडा."

त्यानं उघडलं. तिनं जवळ जाऊन वास घेतला. त्या तोंडात लवंगेशिवाय काही नव्हतं, हे मी आजही कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. ती तशीच थांबली. मग ताराबाईकडे वळून म्हणाली, "हो. पिले हायेत."

ताराबाईचं तोंड उतरलं. पकडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. सभांत पोचमला माईकवर उभं करणारी तीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "ते शाल द्या मंग, पोचमभाऊ."

त्यानं मशीनवरची शाल काढली. झटकली. घडी घातली, ती वाकडी आली म्हणून उलगडून पुन्हा घातली, आणि दोन्ही हातांनी तिला दिली. बायांनी डबा वाळूत ओतला. ते पाणी वाळूत गेलं तेव्हाही किती स्वच्छ दिसत होतं.

शिक्षा म्हणून माईकवर माफी मागायची, एवढंच ठरलं. तंबू भरला. पोचमनं माईक घेतला. "रसिक मायबाप, आजचा खेळ सुरू होण्यापूर्वी…" इथपर्यंत त्याचा नेहमीचा आवाज होता. मग तो थांबला. माईकवर मी त्याला पहिल्यांदाच आपल्या बोलीत बोलताना ऐकलं. "पिलो मी. चुकलं. माफ करा मले."

हिरव्या ट्यूबला पाणी नव्हतं. तशीच चालवली असती तर ती तडकली असती. पोचमनं ती बंद केली आणि लाली आणि निळी या दोघींवरच खेळ लावला. देवाचा पिक्चर होता. नदी जांभळी, देव जांभळे, आकाश जांभळं, झाडं काळी. एकानंही शिट्टी मारली नाही. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, तू माझी अब्रू घालवलीस, मी जिंकत होतो. तो म्हणाला, "मशीन गरम हाये सेठ. मंग बोला."

मग बोलणं झालंच नाही. जत्रा संपली, त्यानं तंबू उतरवायला मदत केली, मशीन टेम्पोत चढवली, तिला दोरी घट्ट बांधली, आणि टेम्पोत चढला नाही.

पुढचं वर्षभर मी त्याच्या नावानं खडे फोडले. दुसरा ऑपरेटर ठेवला, त्यानं पंधरवड्यात हिरवी तडकवली. शेवटी मी त्याच्या सासरवाडीला गेलो. परत चल म्हणायला गेलो होतो, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. खरं तर भांडायला गेलो होतो.

अंगणवाडीच्या आवारात गिरजाबाई खिचडी ढवळत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं पळा थांबवला नाही.

"तो डबा माह्या मडक्याचा होता," ती म्हणाली. आणि वर मी सांगितलं ते सगळं, गोठा, पुरलेलं मडकं, थेंब थेंब पाणी, खिचडी ढवळता ढवळता सांगितलं. "दारू नोती काढली मी, देवाच्यान. जावई म्हने, माय, तुह्या हातचं आरशावानी राहते. मले चांगलं वाटलं बाप्पा. मडकं फोडल्यापासून माह्या हाताचं नाव कोनी घेतलं नोतं."

"तुम्ही त्या दिवशी तिथं होता?"

"होती न. उभी होती, मांगं. तोंड उघडनारच होती. सुमनीनं माह्या पायावर पाय देल्ला अन् दाबून धरला. नख काळं पडलं होतं."

मी म्हणालो, मग आता सांगा की सगळ्यांना. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आता सांगितलं त तो खोटा ठरन. पहिले पिलेला, मंग खोटा. तुमीच सांगा, कोनतं बरं?"

लेकरं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती. तिला वाढायला जायचं होतं.

पोचम तळ्याच्या पाळीवर जाळं शिवत बसला होता. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, पेन आणि कंगवा. मला बघून उठला आणि पहिला प्रश्न केला, "हिरवी कशी हाये?"

"तडकली."

तो खाली बसला. शाल देताना त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

मी म्हणालो, मला एकदा सांगितलं असतंस, की मडकं कुणाचं आहे. मी काडीचं नावच काढलं नसतं. मला काय माहीत? मी तर खरं बोलत होतो.

"हो सेठ," तो जाळ्यातून सुतळी ओढत म्हणाला. "खरंच बोलून राह्यले होते तुमी. पन तुमाले सवय नोती. कुठी थांबाचं ते समजलं नाई."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. भांडायलाच तर आलो होतो. पण त्यानं ते मशीनविषयी सांगावं तसं सांगितलं, हिरवी का तापते ते सांगायचा तसं. मला तळ्याकडे बघत उभं राहावं लागलं. मला राग आणणारी माणसं खूप भेटली आहेत. माझं खरं बोलणं किती हलकं आहे, ते तोलून दाखवणारा हा एकच. तेही तागडी न उचलता.

सुमननं चहा दिला. मी परत चल म्हणालो, पोचम नाही म्हणाला. या वेळीही त्यानं घासाघीस केली नाही.

त्याला शेवटचं पाहिलं ते मार्कंड्यालाच. मधे बरीच वर्षं गेली होती. प्रोजेक्टर मी भंगारात दिला होता. आता हातात मावणारे, नुसत्या पंख्यानं गार राहणारे मिळायला लागले होते. मी गाड्या भाड्यानं लावायचा धंदा धरला होता. जत्रेला गेलो तेव्हा उन्हातून गाडी रेटत नेली होती. देवळाच्या वाटेवर तशाच बाया उभ्या होत्या, पण बहुतेक तरुण मुली, नव्या पिढीतल्या. गडी रांगेनं तोंड उघडून पुढे सरकत होते. रांगेत पोचम होता. केस पांढरे झालेले, शर्टाचं बटण तसंच लावलेलं. त्याची पाळी आली. एवढीशी मुलगी, त्याला वाकावं लागलं. त्यानं वाकून तोंड उघडलं. तिनं वास घेतला, मग हाच तो पिणारा, अशी खूण पटल्यासारखं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि त्याला म्हणाली, "पुन्हा उघडा, बाबा." त्यानं पुन्हा उघडलं.

मी गाडी थांबवून उतरलो. त्या मुलीला म्हणालो, "ताई, हा माणूस पीत नाही. कधीच पीत नाही."

ती हसून म्हणाली, "सगळेच असं म्हनतात, भाऊ. तुमी जा, तुमची गाडी रस्त्यात हाये."

माझं तोंड तिनं तपासलं नाही.

पोचमनं मला ओळखलं. नमस्कार केला. तो गाडीजवळ आला, आणि उलटा हात बॉनेटवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"नीळ्ळू पाहा, सेठ. तापली हाये."

मग सुमन पुढे दुकानापाशी थांबली होती तिकडे गेला. दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

मी तिथंच गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. तरी मी बाटली आणली आणि वरून थोडं ओतलं.